बटर फ्रूटचं जुनं झाड : प्रकल्प नोंदी

१७ डिसेंबर २०२३

जागा जावळी तालुक्यातली, पाचगणीच्या पठाराखालचा उतार. माती तांबडी, जांभ्याची. हात-दीड हाताखाली मुरूम लागतो. पाऊस जून ते सप्टेंबर धो धो, मग पुढे बहुतेक कोरडंच.

प्रकल्प एवढाच की घरामागच्या तिसऱ्या पट्टीतलं बटर फ्रूटचं, म्हणजे अवोकाडोचं, झाड नीट समजून घ्यायचं. आजोबांनी पाचगणीतल्या एका बंगल्याच्या आवारातून बी आणून लावलेलं, आता चाळीसेक फूट उंच. दर वर्षी मोहोर असा येतो की पानं दिसेनाशी होतात. फळं मात्र टोपलीभर. त्यात गेली दोन वर्षं पूर्वेकडची बाजू वाळत चालली आहे.

धाकट्या भावाचं मत स्पष्ट आहे. तोडा आणि हास या बाजारात चालणाऱ्या जातीची कलमं लावा. व्हिडिओ बघून त्याने एकरी हिशेबही मांडून ठेवलाय. माझं म्हणणं, कलमं लावली तरी ती याच मातीत आणि याच पावसात उभी राहणार आहेत. आजोबांच्या काळापासून तग धरलेलं झाड आत्ताच का झडतंय हे न कळता महागाची रोपं आणून त्याच जमिनीत घालण्यात काय अर्थ आहे? भाऊ एक हंगाम थांबायला तयार झाला.

तेव्हा प्रश्न दोन. मोहोर एवढा, तर फळ का धरत नाही? आणि पूर्वेची बाजूच का वाळतेय?

२३ डिसेंबर

झाडाचं कूळ शोधायचा प्रयत्न. बियांपासून आलेल्या बटर फ्रूटला जात अशी नसतेच, एका झाडाच्या दहा बिया लावल्या तर दहा तऱ्हेची झाडं येतात. पण वंश तीन आहेत, मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि वेस्ट इंडियन, आणि त्यातला कुठला अंगात जास्त आहे याचा अंदाज बांधता येतो. मेक्सिकन वंशाचं पान चुरगळलं की बडीशेपेचा वास येतो. मेक्सिकोत ओहाकाच्या भागात ही पानं स्वयंपाकात तमालपत्रासारखी घालतात. आमच्या झाडाचं पान चुरगळलं तर नुसता हिरवट वास. फळ लांब मानेचं, साल पातळ आणि गुळगुळीत, पिकल्यावरही हिरवीच, आणि कानाशी धरून हलवलं की आत बी खुळखुळते. ही सगळी वेस्ट इंडियन वंशाची लक्षणं. हासच्या अंगात ग्वाटेमालन रक्तही आहे, म्हणून त्याची साल जाड आणि खरबरीत.

वेस्ट इंडियन म्हणजे उष्ण, दमट, सखल भागातलं झाड. गर पाणीदार, तेल कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेतून जी झाडं भारतात आली आणि पुढे कोडगू, वायनाड, पळणीच्या डोंगरांत कॉफीच्या मळ्यांतून पसरली, त्यांच्या नात्यातलंच हे असावं. म्हणजे बाजारातल्या काळ्या, लोण्यासारख्या हासशी याची बरोबरी करायची नाही, हे आधीच मान्य.

६ जानेवारी २०२४

पहिली फुलं उघडली. शिडीवर बसून भिंगातून पाहिली.

फूल जेमतेम एक सेंटिमीटरचं, पिवळसर हिरवं, सहा पाकळ्या. मधोमध एकच स्त्रीकेसर आणि भोवती नऊ पुंकेसर. प्रत्येक परागकोशाला चार बारीक झडपा आहेत, त्या खालून वर उघडतात आणि पराग झडपेलाच चिकटून बाहेर येतो. हे डोळ्यांनी दिसत नाही, भिंगातून मात्र छान दिसतं. दुपारी उघडलेल्या फुलात झडपा बंद होत्या, पुंकेसर बाहेरच्या बाजूला पाकळ्यांवर आडवे झालेले, आणि मधली कुक्षी पांढरी, ओलसर, एकटी उभी. फुलात नर आणि मादी दोन्ही आहेत, पण आत्ता फक्त मादीची पाळी आहे.

फुलांच्या देठांना रंगीत लोकर बांधली. आज दुपारी उघडलेल्यांना लाल. उद्या सकाळी जी उघडी दिसतील त्यांना पिवळी.

७ जानेवारी

लाल लोकरीची फुलं रात्री मिटली होती. सकाळी उशिरा तीच परत उघडली. आता आतले तीन पुंकेसर सरळ उभे, बाहेरचे सहा तिरके, झडपा वर उचललेल्या, पराग सुटलेला. कुक्षीचं टोक तपकिरी पडलेलं. कालची मादी आज नर झाली.

१५ जानेवारी

संक्रांतीच्या आसपास थंडी कडक. सगळं वेळापत्रक कोलमडलं. मादीची पाळी दीड-दोन वाजता सुरू व्हायची ती साडेचारनंतर सुरू झाली, आणि अंधार पडला तरी फुलं उघडीच. त्या वेळेला कुठली माशी यायला? सकाळच्या नर फुलांनाही झडपा उघडायला अकरा-साडेअकरा वाजले.

तात्या शेजारच्या पट्टीत स्ट्रॉबेरीला पाणी देत होते. मला शिडीवर तासन् तास बसलेलं बघून म्हणाले, "फुलं मोजून फळं वाढत्यात व्हय रं?" वाढत नाहीत. पण का वाढत नाहीत ते आता दिसायला लागलंय.

४ फेब्रुवारी

थंडी ओसरली, वेळा स्थिरावल्या. हे झाड ‘बी’ गटातलं आहे, आता शंका नाही.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. बटर फ्रूटचं प्रत्येक फूल दोनदा उघडतं, पहिल्यांदा मादी म्हणून, दुसऱ्यांदा नर म्हणून. ‘ए’ गटाच्या झाडावर मादी सकाळी उघडते, दुपारपर्यंत मिटते आणि तेच फूल दुसऱ्या दिवशी दुपारी नर होऊन उघडतं. ‘बी’ गटात मादी दुपारी, आणि तेच फूल दुसऱ्या दिवशी सकाळी नर. झाडावरची सगळी फुलं हीच वेळ पाळतात. म्हणजे आमच्या झाडावर सकाळी पराग उधळलेला असतो तेव्हा घ्यायला मादी नाही, आणि दुपारी हजारो माद्या उघड्या असतात तेव्हा द्यायला पराग नाही. जवळ ‘ए’ गटाचं झाड असेल तर दोघांची वेळ बरोबर जुळते. हास ‘ए’ आहे, पिंकर्टन ‘ए’, रीडही ‘ए’. फ्युर्ते, बेकन, झुटानो, एटिंगर ‘बी’.

एकटं झाड अजिबात फळत नाही असं नाही. ढगाळ, गार-गरम हवेत वेळा पुढेमागे सरकतात, काही तास नर-मादी एकत्र उघडी राहतात आणि तेवढ्यात जे जमेल ते जमतं. आमची टोपलीभर फळं ती हीच. पंचक्रोशीत दुसरं बटर फ्रूटचं झाड माझ्या तरी पाहण्यात नाही.

भावाला हे समजावल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी म्हणतोय तेच, हास लावा." बरोबर आहे. फक्त हे झाड तोडून नव्हे, याच्या शेजारी.

११ फेब्रुवारी

भावाने तालमीसाठी म्हणून कुंडीतली दोन हासची कलमं आणलीच. रोपवाटिकेतून आली तेव्हाच फुलोऱ्यात होती. एवढ्याशा रोपाला फळ ठेवणं म्हणजे त्याचा जीव काढणं, फुलं खुडायलाच हवीत. पण खुडण्याआधी वापरून घेतली. कुंड्या झाडाखाली सावलीत ठेवल्या. दुपारी तीनच्या सुमाराला हासची नर फुलं उघडली, वर आमच्या माद्या उघड्याच होत्या. मऊ केसांचा बारीक कुंचला फिरवून एका खालच्या फांदीवर पराग लावला, त्या फांदीला निळी लोकर. शेजारची तेवढ्याच मोहोराची फांदी तशीच सोडली.

माश्यांची नोंद वेगळी. सातेरी मधमाश्या येतात, पण मन लावून नाही. फुलमाश्या आणि छोट्या गांधीलमाश्या त्यांच्यापेक्षा जास्त. बटर फ्रूटचा मध मधमाशीला फारसा आवडत नाही, आसपास दुसरं काही फुललं असेल तर ती तिकडे जाते. म्हणून परदेशात बागायतदार फुलोऱ्यात भरपूर पेट्या आणून ठेवतात. आमच्या बाजूला पेट्यांची वाण नाही. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, त्या पट्ट्यात सातेरीच्या पेट्या घरोघरी आहेत. पुढच्या मोहोराला चार पेट्या भाड्याने मिळतात का विचारून ठेवलंय.

३ मार्च

फळं ज्वारीच्या दाण्याएवढी. खाली गळीचा सडा. यात घाबरण्यासारखं काही नाही, मोठ्या झाडाला लाखांनी फुलं येतात आणि हजारात एखादं फूल फळापर्यंत पोचलं तरी पुष्कळ.

आजपासून दुसरा प्रश्न. पूर्वेच्या बाजूला पानं लहान, फिकी, शेंडे उघडे पडलेले. कुणीही बघून म्हणेल पाणी कमी पडतंय. कुदळीने हलकेच वरची माती सारली. बटर फ्रूटची अन्न घेणारी मुळं अगदी वरच्या वीतभर मातीत असतात आणि त्यांना केसमुळं जवळजवळ नसतातच. पश्चिमेला ती पांढरट, पिवळसर, भरपूर. पूर्वेला शोधावी लागली, आणि सापडली ती काळी, ठिसूळ, चिमटीत धरली की तुटणारी. माती मात्र ओली. मार्चमध्ये, पाणी न देता, ओली.

मूळकूज असणार. ती करणारा बुरशीसारखा जीव म्हणजे फायटोफ्थोरा सिनॅमोमी. १९२२ मध्ये सुमात्रात दालचिनीच्या झाडांवर हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, नाव तिथूनच आलं. दालचिनी, तमालपत्र, कापूर आणि बटर फ्रूट एकाच कुळातले, तेव्हा नात्यातल्या रोगाने घर शोधत येणं साहजिक.

प्रयोगशाळेत नमुना देण्याआधी घरचा प्रयोग केला. दोन डबे, एकात पूर्वेची मुळांसकट माती, दुसऱ्यात पश्चिमेची. मातीवर दोन बोटं पाणी येईल इतकं भरलं आणि प्रत्येकात एक कडक, हिरवं नाशपाती अर्धं बुडेल असं ठेवलं. हा रोग पाण्यात पोहणाऱ्या बीजाणूंनी पसरतो. ते असतील तर पाण्याच्या रेषेवर नाशपातीला डाग पडतात.

९ मार्च

पूर्वेच्या डब्यातलं नाशपाती पाण्याच्या रेषेला तपकिरी डागांनी भरलंय, डाग टणक आहेत. पश्चिमेचं स्वच्छ. काकूंनी दोन्ही नाशपाती आणि दोन्ही डबे स्वयंपाकघरातून हद्दपार केले.

१० मार्च

रोग आहे हे कळलं, पण तो आताच का आला? पाऊस काही नवा नाही.

कारण पट्टीच्या खालच्या कडेला सापडलं. तिथला जुना बांध रचीव दगडांचा होता, एका पावसाळ्यात तो ढासळला आणि त्या जागी सिमेंटात पक्का बांधून घेतला. गवंडी चोख होता, दगडांमधली एक फट ठेवली नाही. रचीव बांधातून पाणी झिरपून खालच्या पट्टीत जायचं. पक्क्या भिंतीने ते अडवलं. वरच्या पट्टीतल्या स्ट्रॉबेरीच्या ठिबकचं उरलेलं पाणीही उन्हाळ्यापर्यंत तिथेच येऊन थांबतं. भिंत पूर्वेला जवळ, पश्चिमेला लांब. झाडही बरोबर तसंच वाळलंय.

तात्यांना दाखवलं. ते भिंतीकडे बघतच राहिले, मग म्हणाले, "झाडाचं पाय गारठल्यात. वरनं काय बघतुयास?"

१७ मार्च

भिंतीला तळाशी मोऱ्या काढल्या. ड्रिलवाल्याने प्रत्येक भोकाचे वेगळे पैसे लावले. पहिल्या भोकातून पाणी आलं नाही, काळा, कुबट वासाचा चिखल आला आणि त्यामागून पाणी. संध्याकाळपर्यंत धार चालू होती. वरच्या बाजूला, फांद्यांच्या घेराबाहेरून आडवा चर खणला आणि पाणी ओघळीला वळवलं.

घेराच्या आत कुदळ नाही, फावडं नाही. उरलेली मुळं तरी वाचवायची.

२४ मार्च

आच्छादन. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या टँबोरिन डोंगरावर गाय अॅशबर्नर नावाचा शेतकरी होता. त्याच्या बागेच्या मातीत हा रोग असूनही झाडं ठणठणीत होती, कारण तो जमीन उघडी टाकतच नसे. पालापाचोळा, कोंबडीखत, डोलोमाइट, वर्षानुवर्षं. पुढे संशोधकांनी त्याच्या बागेचा अभ्यास केला. जाडंभरडं लाकडी आच्छादन कुजवणाऱ्या बुरश्या सेल्युलोज पचवणारी विकरं (एन्झाइम) सोडतात, आणि फायटोफ्थोराच्या पेशीभित्तीतही सेल्युलोज असल्याने तोही त्यात मारला जातो. शिवाय मातीत कॅल्शियम असेल तर बीजाणू कमी तयार होतात, म्हणून जिप्सम.

आम्ही काय केलं? आधी जिप्सम विस्कटलं, त्यावर कुजलेलं शेणखत पातळ थरात, त्यावर सुकलेल्या फांद्यांचे तुकडे आणि भाताचं काड वीतभर जाड. बुंध्यापासून हातभर जागा मोकळी, नाहीतर साल कुजते. उसाचं पाचट स्वस्त मिळत होतं, पण ते लवकर बसतं. लाकडाचे तुकडे टिकतात.

औषधांचं म्हणाल तर, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत पोटॅशियम फॉस्फोनेट खोडात टोचतात. फोसेटिल-एएल द्राक्षवाल्यांच्या ओळखीचं आहे. पण बटर फ्रूटसाठी लेबलवर शिफारस असलेलं काही मला दुकानात मिळालं नाही, आणि खायच्या फळावर अंदाजाने फवारायचं नाही. पाणी काढून दिलंय, आता झाडाला वेळ द्यायचा.

१४ एप्रिल

पूर्वेच्या वाळलेल्या फांद्या जिवंत लाकडापर्यंत मागे घेतल्या. बटर फ्रूटचं लाकूड ठिसूळ, आंब्याच्या भरवशावर याच्या फांदीवर पाय देऊ नये. आधी खालून छेद, मग वरून, म्हणजे साल सोलत येत नाही. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. उघड्या पडलेल्या जाड फांद्यांना पातळ चुना फासला. याची साल उन्हाने भाजते, आणि भाजलेली फांदी पुन्हा नीट फुटत नाही.

कापलेला हिरवा पाला बांधावर टाकला तशा खालच्या आळीतल्या शेळ्या हुंगत आल्या. लगेच हाकलल्या आणि पाला उचलून चरात पुरला. बटर फ्रूटच्या पानांत पर्सिन नावाचं विष असतं. माणसाला गर खाण्यात धोका नाही, पण शेळ्या, गाई, घोडे यांनी पानं खाल्ली तर कास सुजते, दूध आटतं, जास्त झालं तर हृदयावर जातं. शेळ्यांच्या मालकिणीला, मामींना, जाऊन सांगून आलो. "इतकी वर्षं झाड हाय, कुनी सांगितलं न्हाई," म्हणाल्या. झाड उंच होतं, पाला कधी खाली आलाच नव्हता. कलमं लावणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं, कारण कलमाचं पान शेळीच्या तोंडाच्या उंचीला असतं.

१९ मे

निळ्या लोकरीच्या फांदीवर तीन फळं टिकली आहेत. शेजारच्या, न छेडलेल्या फांदीवर एकही नाही. एका फांदीवरून सिद्ध काही होत नाही, पण भावाने फोटो काढून ठेवला.

पूर्वेच्या कापलेल्या फांद्यांवर फुटवे सुटलेत, लालसर, तजेलदार. प्रत्येक ठिकाणी तीन-चार दणकट ठेवून बाकीचे काढले.

७ जुलै

पाऊस लागून राहिलाय. भिंतीच्या मोऱ्या रात्रंदिवस वाहतायत. पूर्वेच्या आच्छादनाखाली हात घातला, माती ओली पण वास मातीचाच, कुबट नाही.

२१ जुलै

फळ काढायला कधी तयार होतं, हा प्रश्न बटर फ्रूटला आंब्यापेक्षा अवघड. ते झाडावर पिकतच नाही. रंग बदलत नाही, मऊ पडत नाही, तयार होऊनही महिना-दोन महिने तसंच लटकतं. आणि कोवळं काढलं तर पिकत नाही, सुरकुततं, रबरासारखं होतं. दर वर्षी आमच्याकडे निम्मी फळं अशीच वाया जायची आणि दोष झाडाला.

मोजायची रीत आहे. तेल वाढतं तसं पाणी कमी होतं, म्हणून गरातला कोरडा अंश मोजायचा. कॅलिफोर्नियात १९२५ मध्ये आठ टक्के तेलाचा नियम होता, आता तिथे कोरड्या अंशावर ठरवतात, हाससाठी किमान २०.८ टक्के. ऑस्ट्रेलियात २३. वेस्ट इंडियन वंशाचा आकडा याहून बराच खाली असतो, तेव्हा आमच्या झाडाचा आमचा आकडा काढायचा.

फळ उभं चिरलं, बी आणि बीचं साल काढलं, सोलाण्याने गराच्या पातळ पट्ट्या काढल्या. सोनाराच्या छोट्या काट्यावर बरोबर १० ग्रॅम. मायक्रोवेव्हमध्ये मंद आचेवर, थोड्या थोड्या वेळाने काढून वजन, ते उतरायचं थांबेपर्यंत. घाई केली की कडा करपतात आणि आकडा खोटा येतो. उरले १.३ ग्रॅम. म्हणजे १३ टक्के. त्याच वेळी काढलेलं दुसरं फळ पिकतं का बघायला ठेवलं.

११ ऑगस्ट

जुलैमध्ये ठेवलेलं फळ सुरकुतलं, कडवट लागलं. आजच्या फळाचा कोरडा अंश १६ टक्क्यांच्या वर. आणखी एक खूण सापडली. चिरल्यावर बीचं साल आता पांढरं, मांसल नाही, तपकिरी आणि कागदासारखं झालंय. हे वजनकाट्याशिवाय कुणालाही बघता येईल.

१८ ऑगस्ट

पहिली तोडणी. पावसाची उघडीप बघून, फळं कोरडी असताना. आंब्याचा झेला चालतो, पण त्याच्या पात्याला धार हवी. हिसका दिला की देठ मुळासकट निघतो आणि त्या भोकातून कूज शिरते. देठाचा छोटासा तुकडा फळावर राहिला पाहिजे.

आढी आंब्यासारखीच घातली, पेंढ्यात, मधे दोन पिकली केळी ठेवून. केळ्यातून इथिलीन सुटतं, फळं एकसारखी पिकतात. फ्रिजमध्ये कच्ची ठेवू नयेत, थंडीने गर काळपट पडतो. पिकल्यावर ठेवली तर चार दिवस निभावतात.

२५ ऑगस्ट

पिकली. आणि यंदा सगळी पिकली, एकही रबर झालं नाही. फळं गेल्या वर्षीइतकीच, पण घरात आलेली दुप्पट वाटली.

काकूंनी केळ्याच्या शिकरणाच्या पद्धतीने दूध-साखर-वेलची घालून केलं. बंगळुरात रस्त्यावर बटर फ्रूटचा रस याच चालीवर मिळतो, तिथल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. भाऊ कांदा, मिरची, लिंबू आणि मीठ घालून खातो. मला तेच बरं वाटलं. गराला गोडवा असा नाही, पाणीदार आहे, पण वास ताजा, अक्रोडाच्या जवळ जाणारा. एक गोष्ट करू नये. थालीपिठाच्या पिठात मळून तव्यावर टाकलं तर गर तापून कडू होतो. वहिनींनी तो प्रयोग केला, पुन्हा कुणी करू नये.

८ सप्टेंबर

बिया. कोरड्या पडल्या की मेल्या, म्हणून फळ खाल्ल्याच्या दिवशीच धुतल्या. आमच्या मातीत रोग आहे, तेव्हा बिया ५० अंशांच्या पाण्यात अर्धा तास. थर्मामीटर लागतोच, जास्त तापलं तर गर्भ मरतो. मग बीचा शेंडा कापटीएवढा छाटला, रुंद बूड खाली करून पिशव्यांत लावल्या. माती डोंगरावरून आणलेली, झाडाखालची अजिबात नाही. पिशव्या विटांवर, जमिनीला न टेकता. हे पुढे खुंट होतील, म्हणजे ज्यांवर कलम बांधायचं ती रोपं.

९ फेब्रुवारी २०२५

कलमं. पूर्वेच्या फुटव्यांची जाडी आता पेन्सिलीएवढी झाली. भावाच्या कुंडीतल्या हासच्या काड्या घेतल्या, डोळे फुगलेल्या पण न फुटलेल्या. आठवडाभर आधी त्यांची पानं देठ ठेवून कापली होती, त्याने डोळे भरतात. काडी वीतभर. फुटव्याचा शेंडा छाटून मधोमध चीर, काडीला दोन्ही बाजूंनी पाचर, एकाच ओढीने, कारण पुन्हा पुन्हा तासलं की काप खडबडीत होतो. जाडी जुळत नसेल तर एका बाजूची साल तरी सालीला लागली पाहिजे. पट्टीने घट्ट बांधून वर पॉलिथीनची अरुंद पिशवी टोपीसारखी.

तात्यांचा आंब्याच्या कलमांचा हात आहे. त्यांनी माझ्यापेक्षा निम्म्या वेळात केली आणि माझ्या पाचरी तपासूनही घेतल्या. दुपारी विश्रांतीला बसलो तेव्हा त्यांना हासची गोष्ट सांगितली. रूडॉल्फ हास कॅलिफोर्नियात ला हाब्रा हाइट्सला पोस्टमन होता. १९२६ च्या सुमाराला त्याने विकतच्या बिया लावल्या, खुंट म्हणून. एका रोपावर कलम काही लागेना. ते तोडायचं म्हणत होता, पण राहिलं, आणि त्याला जे फळ आलं ते आज जगभर विकलं जातं. १९३५ मध्ये त्याने पेटंट घेतलं, तरी त्यातून हाती फारसं काही लागलं नाही. मूळ झाड २००२ मध्ये मूळकुजीनेच गेलं. तात्यांनी शांतपणे ऐकलं. "त्याच्या बी बांधाला भोकं नव्हती आसं दिसतंय."

१६ मार्च

निम्म्याहून जास्त कलमं लागली. तात्यांची बहुतेक सगळी. पिशव्या काढल्या, कोवळ्या पानांवर ऊन येऊ नये म्हणून शेडनेटचा तुकडा.

यंदाच्या मोहोरात चार पेट्या होत्या. कुंडीतली हासही. फळधारणा डोळ्यांना दिसण्याइतकी जास्त आहे, पण पूर्वेची बाजू सुधारली हेही त्यात आलं. कशाचा वाटा किती, सांगता येणार नाही. माझा अंदाज, पाणी निघालं याचा सगळ्यात मोठा.

२२ जून

भावाची वीस हासची कलमं लावली. खड्डे नाहीत. मुरमापर्यंत न जाता, वरची माती ओढून गुडघाभर उंच, रुंद वरंबे केले, उताराला तिरके, आणि कलम वरंब्याच्या माथ्यावर. पुढे माती बसते म्हणून थोडं वरच. रोपवाटिकेच्या पिशवीत एकदोन रोपांची मुळं गोल गुंडाळलेली निघाली. ती परत केली, दुकानदार कुरकुरला. दर सहाव्या रोपाला आमच्या जुन्या झाडाची काडी बांधलेला खुंट लावणार आहोत, हासला सोबत म्हणून. भावाला त्यासाठी फ्युर्ते हवं होतं, पण जे झाड इथला पाऊस आजोबांपासून सोसतंय त्याच्या परागावर माझा विश्वास जास्त आहे. यावर वाद चालू आहे.

३१ ऑगस्ट

तोडणी दोन हप्त्यांत, कोरडा अंश बघूनच. सहा क्रेट भरले. पाचगणीतल्या एका हॉटेलवाल्याने घेतले, पण एवढ्या मोठ्या, हिरव्या फळाकडे तो आधी संशयानेच बघत होता. त्याला पिकलेलं एक चिरून दिल्यावर भाव ठरला. हासचा मिळणार नव्हताच.

पूर्वेची पानं आता पश्चिमेच्या मापाची. हासच्या फांद्या हातभर वाढल्यात, वाऱ्याने सांध्यात मोडू नयेत म्हणून बांबूचे टेकू दिलेत. भिंतीच्या दोन मोऱ्या गाळाने बुजत होत्या, आतल्या तोंडाशी खडी भरून घ्यायची आहे. पश्चिमेचा शेंडा पुढच्या मार्चमध्ये वीस फुटांवर आणायचा, एका वर्षी एकच मोठी फांदी, म्हणजे फळ पूर्ण बंद पडणार नाही. भावाला तो एकदम हवाय. सध्या करवत माझ्याकडे आहे.